दोन देश, दोन कायदे आणि कॅन्सरच्या गोळ्यांचं बिल



एनिस हे आयर्लंडच्या पश्चिमेकडचं, फर्गस नदीकाठचं गाव. काउंटी क्लेअरचं मुख्य ठिकाण, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत जिल्ह्याचं गाव. शॅनन विमानतळ जवळ, लिमरिक शहरही फार लांब नाही. नोकरीच्या निमित्ताने या भागात येऊन राहिलेल्या मराठी घरांत दोन प्रश्न कधी ना कधी निघतातच. पहिला: आई-वडील पुण्याला किंवा नाशिकला आहेत, इन्शुरन्स काढायचं वय निघून गेलं असं वाटतंय, उद्या कॅन्सरचं निदान झालं तर औषधांचा खर्च झेपेल का? दुसरा: आपण इथे परक्या देशात, उद्या आपल्यालाच काही झालं तर?

गंमत अशी की या दोन प्रश्नांची उत्तरं दोन वेगवेगळ्या इतिहासांत आहेत, आणि ते दोन्ही इतिहास एकाच वर्षी वळण घेतात. १९७० साली भारताच्या संसदेने पेटंट कायदा केला आणि त्याच साली आयर्लंडच्या संसदेने हेल्थ अ‍ॅक्ट केला. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नव्हता. पण कॅन्सरच्या महागड्या औषधाचे पैसे कोण भरणार, या आजच्या प्रश्नाची मुळं या दोन कायद्यांत आहेत. भारताने औषधाची किंमत पाडली. आयर्लंडने किंमतीला हात न लावता बिल वाटून घेतलं. दोघांचंही उत्तर अर्धंच निघालं, आणि उरलेलं अर्धं दोघेही आता एकमेकांकडे बघून शिकताहेत. आज त्याबद्दलच लिहायचं आहे. जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊनच बसा.

आधी आयर्लंडचं बघू. इंग्रजांच्या काळात, १८५१ च्या कायद्याने इथे डिस्पेन्सरीची पद्धत सुरू झाली. गरिबाने तिकीट मिळवायचं आणि नेमून दिलेल्या सरकारी डॉक्टरकडे जायचं. पैसेवाला पुढच्या दाराने, गरीब मागच्या दाराने, असा तो प्रकार. स्वातंत्र्यानंतरही तो पन्नास वर्षं चालला. १९७० च्या हेल्थ अ‍ॅक्टने तो मोडीत काढला. देशाचे आठ आरोग्य विभाग पाडले, त्यात क्लेअर, लिमरिक आणि उत्तर टिपरेरी मिळून मिडवेस्टर्न हेल्थ बोर्ड झालं. १९७२ मध्ये ज्याच्याकडे मेडिकल कार्ड आहे त्याला आपला डॉक्टर स्वतः निवडायचा आणि गावातल्या नेहमीच्या केमिस्टकडून औषध घ्यायचा हक्क मिळाला. मेडिकल कार्ड मिळतं ते मुख्यतः उत्पन्न बघून. आपल्यासारख्या नोकरदारांना ते सहसा मिळत नाही.

याच कायद्याखाली आणखी एक योजना आली, लाँग टर्म इलनेस स्कीम. उत्पन्न कितीही असो, ठरावीक जुनाट आजारांची औषधं फुकट. यादीत मधुमेह आहे, अपस्मार आहे, पार्किन्सन आहे, हिमोफिलिया आहे. कॅन्सर मात्र नाही! अक्यूट ल्युकेमिया हा रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार तेवढा आहे. पहिल्यांदा वाचताना हे विचित्र वाटतं, पण त्या काळाचा विचार केला की कारण कळतं. तेव्हा कॅन्सर म्हणजे ऑपरेशन, रेडिएशन आणि हॉस्पिटलमध्ये सलाईनमधून दिलेली केमो. माणूस घरी बसून वर्षानुवर्षं कॅन्सरची गोळी घेईल, रक्तदाबाची घेतो तशी, हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. ती वेळ आणणाऱ्या औषधांतलं एक मोठं नाव म्हणजे ग्लिव्हेक, आणि ते बाजारात आलं २००१ साली. यादी त्याच्या खूप आधीच गोठली होती.

मग इथल्या नोकरदार माणसाचं काय? त्यासाठी दोन गोष्टी कामी आल्या. १९९६ च्या अखेरीस हाय टेक नावाची व्यवस्था सुरू झाली. हॉस्पिटलच्या तज्ज्ञाने लिहून दिलेली फार महाग औषधं गावातल्या केमिस्टकडे मिळतात, पण त्यांचे पैसे केमिस्टला भरावे लागत नाहीत, सरकार थेट कंपनीला देतं. केमिस्टला पेशंटमागे ठरावीक फी मिळते. एनिसच्या छोट्या दुकानदाराला काही हजार युरोंचा डबा आपल्या भांडवलात आणून ठेवायला सांगितलं असतं, तर त्याने हात जोडले असते. दुसरी गोष्ट म्हणजे १ जुलै १९९९ ला सुरू झालेली ड्रग्ज पेमेंट स्कीम. एका कुटुंबाने महिन्याला ठरावीक रकमेपर्यंतच औषधांचे पैसे द्यायचे, वरचं सगळं सरकारचं. सुरुवातीला ही मर्यादा ४२ आयरिश पौंड होती. मंदीच्या काळात सरकारची तिजोरी आटली तशी ती चढत चढत २०१३ मध्ये १४४ युरोवर गेली. नंतर हळूहळू उतरली आणि मार्च २०२२ पासून ८० युरो आहे.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या, कारण नव्याने आलेल्या बऱ्याच जणांना तो माहीत नसतो. समजा एनिसमधल्या एखाद्याला ल्युकेमियाची रोजची गोळी लागली आणि ती सरकारच्या यादीत आहे. त्याच्याकडे खाजगी इन्शुरन्स असो वा नसो, पूर्ण कुटुंबाचं महिन्याचं बिल ८० युरोच्या वर जात नाही. नवरा, बायको आणि १८ वर्षांखालची मुलं, शिकत असतील तर २३ पर्यंतची, सगळी त्या ८० मध्येच. अट एकच, तुम्ही इथे राहायला आलेले हवेत, म्हणजे निदान वर्षभर राहायचा इरादा हवा. पाहुणे म्हणून आलेले आई-वडील त्यात बसत नाहीत.

हॉस्पिटलमध्ये सलाईनमधून घ्यायच्या औषधांचा हिशेब वेगळा. क्लेअरच्या पेशंटला त्यासाठी बहुतेक वेळा लिमरिकच्या मोठ्या हॉस्पिटलात जावं लागतं. पूर्वी मेडिकल कार्ड नसेल तर सरकारी हॉस्पिटलात केमोच्या दर दिवसाचे ८० युरो, वर्षाला जास्तीत जास्त ८०० पर्यंत, भरावे लागत. १७ एप्रिल २०२३ पासून मोठ्या माणसांसाठीही हे बंद झालं. पण लिमरिकच्या खेपा, तिथल्या पार्किंगचे पैसे, बुडालेला पगार याला कुठलीच योजना नाही. औषध फुकट आणि आजार महाग, असं इथले पेशंट म्हणतात ते उगाच नाही.

मेडिकल कार्डाच्या बाबतीत क्लेअरचं एक नाव घ्यायलाच हवं. क्विन हे एनिसजवळचं गाव. तिथल्या जॉन वॉल यांना २०१७ साली चौथ्या टप्प्यातला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. बरा न होणाऱ्या आजारातल्या माणसाने दर काही महिन्यांनी उत्पन्नाचे कागद भरून कार्ड पुन्हा मागायचं, हा काय न्याय, असा त्यांचा साधा सवाल होता. मंत्र्यांच्या मागे लागून, टीव्हीवर बोलून त्यांनी तो लावून धरला. शेवटी ज्यांच्या हातात डॉक्टरांच्या मते २४ महिन्यांपर्यंतचाच काळ आहे, त्यांना उत्पन्न न बघता कार्ड द्यायचं ठरलं. त्याआधी १ जुलै २०१५ पासून कॅन्सर झालेल्या १८ वर्षांखालच्या मुलांनाही असंच कार्ड मिळू लागलं होतं. म्हणजे १९७० च्या यादीत जो कॅन्सर नव्हता, तो असा तुकड्या-तुकड्याने आत आला.

आता आपल्याकडे येऊ. इंग्रजांच्या १९११ च्या पेटंट कायद्यामुळे स्वातंत्र्यानंतरही भारतात औषधं फार महाग होती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये अहवाल दिला आणि त्याच्या आधारावर १९७० चा कायदा झाला. २० एप्रिल १९७२ ला तो लागू झाला. त्यातली मख्खी अशी, की औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळणार नाही, फक्त तो बनवायच्या पद्धतीवर मिळेल, आणि तेही थोड्या वर्षांपुरतं. तोच पदार्थ दुसऱ्या पद्धतीने बनवा, कोणी अडवणार नाही. मुंबईची सिप्ला आणि तिच्यासारख्या कंपन्या यावर उभ्या राहिल्या. सरकारने पेशंटचं बिल भरलं नाही, पण बिलच लहान केलं.

पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ पासून भारताला पदार्थावर पेटंट देणं भाग पडलं. पण संसदेने दोन खिडक्या उघड्या ठेवल्या. कलम ३(ड): जुन्याच पदार्थाचं नवं रूप काढलं आणि गुण वाढला नाही, तर नवं पेटंट नाही. कलम ८४: पेटंट मिळून तीन वर्षं झाली आणि औषध लोकांना परवडत नसेल, पुरत नसेल किंवा इथे वापरात येत नसेल, तर दुसऱ्याला ते बनवायचा सक्तीचा परवाना देता येईल. या दोन्ही खिडक्या पुढे उघडल्या गेल्या त्या कॅन्सरच्या औषधांसाठीच, आणि दोन्ही लढायांत मुंबई मध्यभागी होती.

पहिली लढाई ग्लिव्हेकची. नोव्हार्टिस कंपनीचं हे औषध महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना होतं, आणि भारतीय कंपन्यांचं तेच औषध ८ ते १० हजारांत. २००३ च्या शेवटी नोव्हार्टिसला विक्रीचे खास हक्क मिळाले. मद्रास उच्च न्यायालयाने भारतीय कंपन्यांना मनाई केली, मुंबई उच्च न्यायालयाने ती नाकारली. मधल्या मध्ये पेशंटच्या घरात काय झालं असेल याचा विचार करा. आठ हजारांची गोळी चालू आहे, आणि एक दिवस दुकानदार सांगतो की ती आता येणार नाही. १९६९ पासून मुंबईत काम करणारी कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या पेटंटविरुद्ध उभी राहिली. औषधकंपनीने दुसऱ्या कंपनीशी भांडणं नवीन नाही. पेशंटच्या संस्थेने पेटंट ऑफिसात जाऊन हरकत घेणं नवीन होतं. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट ऑफिसने अर्ज फेटाळला, आणि १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. न्यायमूर्ती होते आफताब आलम आणि मुंबईच्या रंजना देसाई. कंपनीची बाजूही नोंदवायला हवी. ज्यांना परवडत नाही अशा हजारो पेशंटना ती हे औषध फुकट देत होती. पण दानावर चाललेली गोळी आणि हक्काने विकत घेतलेली गोळी यात फरक आहे. दान कधी थांबेल ते देणारा ठरवतो.

दुसरी लढाई नेक्साव्हारची. यकृत आणि किडनीच्या कॅन्सरचं हे बायर कंपनीचं औषध, महिन्याला २,८०,४२८ रुपये. हैदराबादच्या नॅटको कंपनीने ते ८,८०० रुपयांत द्यायची तयारी दाखवली. ९ मार्च २०१२ ला पेटंट कंट्रोलर पी. एच. कुरियन यांनी मुंबईच्या कार्यालयातून सक्तीचा परवाना दिला. नॅटकोने बायरला विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी द्यायची, पुढे ती ७ टक्के झाली, आणि दरवर्षी ६०० गरजू पेशंटना औषध फुकट द्यायचं. दोनच महिन्यांत सिप्लाने आपली याच औषधाची किंमत २८,००० वरून ६,८४० वर आणली. बायर मुंबई उच्च न्यायालयात गेली. १५ जुलै २०१४ ला तिथे हरली, आणि डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही दार बंद झालं. भारताने दिलेला हा आजवरचा एकमेव सक्तीचा परवाना आहे. नंतरचे अर्ज फेटाळले गेले.

आता इथेच जरा थांबू. ८,८०० रुपये म्हणजे पावणेतीन लाखांच्या मानाने काहीच नाही, हे खरं. पण ते दर महिन्याला, पदरचे, आणि बऱ्याचदा निवृत्त माणसाच्या पेन्शनमधून जातात. किंमत पाडणं ही भारताची मोठी कामगिरी. उरलेलं बिल मात्र घरावरच पडलं. मेडिक्लेम १९८६ मध्ये आलं, पण ते मुळात हॉस्पिटलात भरती होण्यासाठी. घरी घ्यायच्या गोळ्या कित्येक वर्षं त्यात बसतच नव्हत्या. इन्शुरन्सच्या नियामकाने २०१९ मध्ये नियम केला आणि १ ऑक्टोबर २०२० पासून तोंडावाटे घ्यायची केमो आणि इम्युनोथेरपीची इंजेक्शनं पॉलिसीत घेणं भाग पडलं. तरी त्यावर वेगळी मर्यादा असू शकते. पॉलिसीचा तो भाग वाचल्याशिवाय सही करू नका.

आयर्लंडचं अर्धं उत्तर याच्या बरोबर उलट. इथे पेशंटचं बिल लहान, पण किंमत तशीच. एनिसला लागून क्लेअरकॅसल हे गाव आहे. तिथे सिंटेक्स कंपनीचा औषधांचा कारखाना होता, १९९४ मध्ये सिंटेक्सबरोबर तो रोश कंपनीकडे गेला. नोव्हेंबर २०१५ मध्ये रोशने तो सोडायचं जाहीर केलं तेव्हा सुमारे २४० नोकऱ्यांचा प्रश्न होता. इतकी वर्षं गावात औषधं बनली, म्हणून गावात औषध स्वस्त झालं नाही. किंमत कारखान्यापासून दुकान किती लांब आहे यावर ठरत नाही. ती कायदा आणि घासाघीस यावर ठरते. इथे ही घासाघीस सरकार करतं. १९९८ मध्ये स्थापन झालेलं नॅशनल सेंटर फॉर फार्माकोइकॉनॉमिक्स दर नव्या औषधाचा हिशेब मांडतं: चांगल्या तब्येतीचं एक वर्ष मिळवायला किती युरो लागतात? ४५,००० ची रेघ सहसा धरली जाते. हिशेब बसेना तर वाटाघाटी, आणि वाटाघाटी म्हणजे वेळ. युरोपात मंजूर झालेलं औषध आयर्लंडच्या सरकारी हॉस्पिटलात यायला कधी कधी वर्षं लागतात. कॅन्सरच्या पेशंटकडे तेवढीच एक गोष्ट नसते.

इथे खाजगी इन्शुरन्स आत शिरतो. व्हीएचआय ही सरकारी इन्शुरन्स संस्था १९५७ च्या कायद्याने निघाली, ज्यांचं उत्पन्न जास्त म्हणून सरकारी हॉस्पिटलचा हक्क नव्हता त्यांच्यासाठी. पुढे हॉस्पिटलचा हक्क सगळ्यांना मिळाला, तरी लोकांनी इन्शुरन्स सोडला नाही. गेल्या काही वर्षांत काही पॉलिसी अशी औषधंही खाजगी हॉस्पिटलात देऊ लागल्या, जी युरोपात मंजूर आहेत पण सरकारने अजून घेतलेली नाहीत. म्हणजे एकच आजार, एकच डॉक्टर, आणि कार्ड कुठलं यावर औषध वेगळं. १८५१ चा पुढचा दरवाजा आणि मागचा दरवाजा वेगळ्या रूपात परत आला, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

अमेरिकेतल्या मंडळींसाठी दोन ओळी. तिथे मेडिकेअरमध्ये इन्शुरन्स असूनही गोळ्यांच्या खर्चाला वरची मर्यादा नव्हती. २०२२ च्या कायद्याने ती आणली, २०२५ साठी वर्षाला २,००० डॉलर आणि २०२६ साठी २,१००. आयर्लंडने १९९९ मध्ये जे केलं, तेच तत्त्व.

आणि आता दोन्ही देश एकमेकांच्या वाटेवर आले आहेत. आयर्लंडने २०१३ च्या कायद्याने केमिस्टला महाग ब्रँडऐवजी स्वस्त जेनेरिक द्यायची मुभा दिली. स्तनाच्या कॅन्सरवरच्या ट्रास्टुझुमॅबचं बंगळुरूच्या बायोकॉनने तयार केलेलं रूप डिसेंबर २०१८ मध्ये युरोपात मंजूर झालं. भारताची अर्धी वाट इथे पोचली. तिकडे महाराष्ट्रात २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली, आणि आता तिचं ५ लाखांचं कवच राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे. केंद्राच्या आयुष्मान योजनेत २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता घेतात. आणि टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या २३ हॉस्पिटलांनी ४० औषधं एकत्र भाव करून घेतली, तेव्हा १,३२० कोटी रुपये वाचले. एकट्या पेशंटने दुकानात भाव करणं आणि तेवीस हॉस्पिटलांनी मिळून करणं, यातला हा फरक.

हे झालं इतिहासाचं. त्यातून हाताशी काय लागतं, तेही सांगतो.

आयर्लंडमध्ये आल्या आल्या ड्रग्ज पेमेंट स्कीमचं कार्ड काढा, ते फुकट आहे आणि आजारी पडायची वाट बघायची गरज नाही. वय ३५ च्या पुढे असेल तर इथे आल्यापासून नऊ महिन्यांच्या आत खाजगी इन्शुरन्स घेण्याचा निर्णय करा. २०१५ पासूनच्या नियमाने नंतर घेतलात तर ३४ च्या पुढच्या दर वर्षामागे २ टक्के जादा हप्ता लागतो. आधीपासूनच्या आजाराला पाच वर्षं थांबावं लागतं, तेव्हा निदान झाल्यावर पॉलिसी घेऊन उपयोग नाही. चिठ्ठीवरची औषधं भारतातून टपालाने मागवणं इथे बेकायदा आहे, तो मार्ग धरू नका. जे पैसे पदरचे जातील त्यांवर २० टक्के करसवलत मिळते, पावत्या ठेवा.

आई-वडिलांसाठी: ७० च्या पुढे असतील तर आयुष्मान कार्ड याच सुट्टीत काढून द्या. पॉलिसी असेल तर तोंडावाटे घ्यायच्या केमोवर किती मर्यादा आहे ते बघा. १ एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षांचीच अट घालता येते, आणि वय झालं म्हणून पॉलिसीच नाही, हेही आता सरसकट राहिलेलं नाही. डॉक्टरांनी महागडा ब्रँड लिहिला तर त्यांना सरळ विचारा, याचं जेनेरिक आहे का? विचारायला लाजू नका. त्या एका प्रश्नासाठी काही लोक मुंबईपासून दिल्लीपर्यंत वर्षानुवर्षं कोर्टात उभे होते.

शेवटी एकच. २००५ नंतर शोधल्या गेलेल्या औषधांवर भारतातही पेटंट मिळू शकतं, आणि सक्तीचा परवाना १३ वर्षांहून जास्त काळात पुन्हा दिला गेलेला नाही. म्हणजे पुढच्या दहा वर्षांत निघणाऱ्या औषधांसाठी 'भारतात तरी स्वस्त मिळेल' हे आपण गृहीत धरू शकत नाही. ग्लिव्हेकच्या वेळी घरोघरी जो प्रश्न पडला होता तो नव्या नावांनी पुन्हा येणार आहे. तो आपल्या दारात यायच्या आधी, इथले आणि तिथले कागद नीट करून ठेवावेत, एवढंच या लेखाचं मागणं.



एक एनिसकर